लिनक्सवर स्क्रीन फडफडतेय? 'कार्ड गेलं' असं ठरवण्याआधी काय तपासायचं?

विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले आणि अजूनही व्यवस्थित चालणारे अनेक संगणक कंपनीच्या हिशेबात 'जुने' झाले. त्यांना आणखी काही वर्षं वापरात ठेवायचं, तर एक मोफत पर्याय आहे लिनक्स. उबुंटू आणि लिनक्स मिंट ही त्यातली सर्वाधिक परिचित नावं.

पण लिनक्स टाकल्यावर काहींना एक वेगळाच अनुभव येतो. स्क्रीन मध्येच फडफडते, आडव्या रेघा येतात, खिडक्यांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. कधी लोगो दिसतो आणि पुढे नुसता काळोख. दुरुस्तीवाल्याचं उत्तर पुष्कळदा ठरलेलं असतं : "ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन घ्या."

नाशिक जिल्ह्यातल्या घोटीसारख्या गावात या एका वाक्याची किंमत मोठी असते. मुंबई-आग्रा महामार्गावरचं हे गाव भाताची बाजारपेठ आणि भात गिरण्यांसाठी ओळखलं जातं. इथे संगणक असतो तो व्यापाऱ्याच्या गाळ्यात, गिरणीच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात किंवा ई-सेवा केंद्रात. तो बंद म्हणजे त्या दिवसाचं काम बंद. सुट्या भागासाठी नाशिक गाठायचं तर एका बाजूचंच अंतर ३५-४० किलोमीटर. एवढं करून नवं कार्ड आणलं आणि स्क्रीन तशीच फडफडत राहिली तर?

तसं होऊ शकतं, कारण अशा बऱ्याच बिघाडांत कार्ड धडधाकट असतं आणि गडबड ड्रायव्हरमध्ये, कर्नलमध्ये किंवा अगदी साध्या केबलमध्ये असते. बिघाड नेमका कुठे आहे, हे पैसे न खर्चता बऱ्याच अंशी ओळखता येतं. त्यासाठी तपासण्या योग्य क्रमाने करायला हव्यात.

स्क्रीनवर चित्र येतं तरी कसं?

भात गिरणीत भात एका यंत्रातून दुसऱ्यात जातो. आधी साफसफाई, मग टरफल काढणं, मग पॉलिश, मग चाळणी. शेवटी तांदळात कणी जास्त निघाली तर जाणता गिरणीवाला लगेच नवं यंत्र मागवत नाही. दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते तो आधी शोधतो. स्क्रीनवरच्या चित्राचंही तसंच आहे. तेही टप्प्याटप्प्याने तयार होतं.

पहिला टप्पा म्हणजे तुम्ही वापरता ते ॲप, उदाहरणार्थ ब्राउझर. ते म्हणतं, "इथे एक खिडकी काढ." दुसऱ्या टप्प्यावर 'मेसा' नावाचं सॉफ्टवेअर ही सूचना कार्डाला कळेल अशा भाषेत बदलतं. मेसाची सुरुवात ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये केली आणि आज बहुतेक लिनक्स संगणकांवर ते असतं. तिसऱ्या टप्प्यावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. प्रत्यक्ष कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर या गाभ्यात असतो. स्क्रीनचं रिझोल्यूशन किती, ती सेकंदाला किती वेळा ताजी करायची, हेही तोच ठरवतो. त्यानंतर येतं खुद्द ग्राफिक्स कार्ड, मग केबल आणि शेवटी मॉनिटर.

यातले पहिले तीन टप्पे सॉफ्टवेअरचे आहेत. ते बदलायला खर्च येत नाही. नंतरच्या तीन टप्प्यांना पैसे लागतात. म्हणून दोष पहिल्या तिघांत आहे की नंतरच्या तिघांत, हा सगळ्यात आधी सोडवायचा प्रश्न.

लिनक्सवरच ही अडचण जास्त का जाणवते?

याचं उत्तर कार्ड कोणत्या कंपनीचं आहे यावर अवलंबून आहे.

इंटेलचे ग्राफिक्स बहुतेक वेळा प्रोसेसरच्या आतच असतात. त्यांचा ड्रायव्हर खुला आहे आणि तो कर्नलसोबतच येतो. वेगळा 'इंटेल ड्रायव्हर' शोधून टाकायची गरज सहसा पडत नाही. एएमडीचंही जवळपास तसंच. जुन्या कार्डांसाठी 'रेडिऑन' आणि नव्यांसाठी 'एएमडीजीपीयू' असे दोन ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. यातला दुसरा २०१५ मध्ये कर्नलमध्ये दाखल झाला.

एनव्हिडियाची गोष्ट वेगळी आहे. या कंपनीने आपला ड्रायव्हर बरीच वर्षं बंदिस्त ठेवला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात झालेल्या कार्यक्रमात कंपनीवर जाहीरपणे आणि अत्यंत कडक शब्दांत टीका केली होती. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. पण तो २०१८ पासून बाजारात आलेल्या ट्युरिंग पिढीपुढच्या कार्डांसाठीच चालतो. जुन्या कार्डांसमोर दोन वाटा उरतात : कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर किंवा 'नूव्हो' हा स्वयंसेवकांनी कार्डाचं वागणं अभ्यासून लिहिलेला खुला ड्रायव्हर.

अडचण इथेच आहे. बंदिस्त ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतो. कर्नल अपडेट झालं की त्याला नव्या कर्नलशी जुळवून पुन्हा बांधावं लागतं. हे काम पडद्यामागे आपोआप होतं, पण ते फसलं तर पुढच्या वेळी संगणक सुरू करताच स्क्रीन काळी होते. "काल रात्रीपर्यंत चांगला होता, आज अचानक बिघडला" या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असतं.

आधी लक्षण नीट पाहा

डॉक्टर औषधाआधी लक्षणं विचारतो. इथेही तेच करायचं.

• फक्त ब्राउझरमध्ये किंवा व्हिडिओ पाहतानाच चित्र तुटत असेल, तर संशय त्या ॲपवर. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' बंद करून पाहा. बऱ्याचदा गोष्ट इथेच मिटते.

• पान वर-खाली सरकवताना किंवा व्हिडिओत चित्राचा वरचा भाग पुढे आणि खालचा मागे राहत असेल, तर त्याला 'टेअरिंग' म्हणतात. हा ड्रायव्हर आणि स्क्रीन यांच्या तालातला फरक आहे. कार्ड खराब असल्याची ती खूण नाही.

• लॅपटॉप काही सेकंद स्थिर ठेवला की स्क्रीन लुकलुकते आणि माऊस हलवला की थांबते, तर संशय वीज वाचवणाऱ्या एका सुविधेवर जातो. इंटेलच्या लॅपटॉपांवर हे बऱ्यापैकी दिसतं. त्याचा उपाय पुढे आहे.

• सगळं दिसतंय, पण अक्षरं अवाढव्य, रिझोल्यूशन कमी आणि संगणक मंद, तर योग्य ड्रायव्हर सुरूच झालेला नाही. 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये ग्राफिक्सच्या रांगेत 'एलएलव्हीएमपाइप' असं नाव दिसलं, तर कार्डाचं काम प्रोसेसर करतोय असं समजा.

• संगणक सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं ठीक आणि मग रंगीत ठिपके किंवा चौकोन, तर उष्णतेचा संशय घ्या. गिरणीच्या ऑफिसात कोंड्याची बारीक धूळ पंख्यात आणि हीटसिंकमध्ये साचते, हवा खेळत नाही आणि कार्ड तापतं.

पाच तपासण्या, याच क्रमाने

१. कंपनीचा लोगो आणि बायोस : संगणक सुरू करताच बायोसमध्ये जा. त्यासाठी साधारणपणे डिलीट किंवा एफ२ ही कळ असते. तिथे लिनक्स अजून सुरूच झालेलं नसतं. तिथेही रेघा किंवा ठिपके दिसत असतील, तर लिनक्सला दोष देऊन उपयोग नाही. बिघाड मॉनिटर, केबल, रॅम किंवा कार्डात आहे. मात्र उलट निष्कर्ष काढू नका. बायोसमध्ये चित्र स्वच्छ दिसलं म्हणजे कार्ड ठणठणीतच आहे, असं नाही. तिथे कार्डावर फारसा ताण नसतो.

२. स्क्रीनशॉट : गडबड दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या. तो मोबाइलवर पाठवून तिथे उघडा. रेघा त्या चित्रातही असतील, तर चित्र तयार होतानाच बिघडतंय. म्हणजे संशय ॲप, मेसा, ड्रायव्हर किंवा कार्डाच्या मेमरीवर. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल, तर चित्र बरोबर तयार होतंय आणि बहुतेक वेळा स्क्रीनपर्यंतच्या वाटेत बिघडतंय. मग केबल, मॉनिटर, रिफ्रेश रेट किंवा वीज बचतीची सुविधा तपासायची. अर्ध्या मिनिटाची ही चाचणी निम्मा गोंधळ दूर करते.

३. केबल, मॉनिटर आणि रॅम : केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. शक्य असेल तर शेजाऱ्याकडची दुसरी केबल आणि दुसरा मॉनिटर लावून पाहा. घोटी-इगतपुरीचा पट्टा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांत मोडतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत जुन्या व्हीजीए केबलच्या पिना आणि रॅमचे संपर्क खराब होऊ शकतात. प्रोसेसरमधले ग्राफिक्स संगणकाचीच रॅम वापरतात, त्यामुळे सदोष रॅमसुद्धा स्क्रीनवर रंगीत कचरा दाखवू शकते. संगणक बंद करून, प्लग काढून रॅम काढा, तिचे सोनेरी संपर्क कोरड्या, मऊ कापडाने पुसा आणि ती पुन्हा बसवा. शंका उरली तर 'मेमटेस्ट८६+' ही मोफत चाचणी रात्रभर चालवून ठेवा. तिच्यात एक जरी चूक दाखवली तरी आधी रॅमकडे पाहा.

४. पेन ड्राइव्हवरचं लिनक्स : उबुंटू किंवा मिंट पेन ड्राइव्हवरून, संगणकातल्या फाइलींना हात न लावता चालवता येतं. याला 'लाइव्ह' पद्धत म्हणतात. त्याच संगणकावर लाइव्ह लिनक्स स्वच्छ चाललं, तर केबल, मॉनिटर आणि कार्ड यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. दोष हार्ड डिस्कवरच्या लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. ही चाचणी पाच मिनिटांत उरकू नका. अर्धा तास व्हिडिओ चालवून पाहा.

५. जुनं कर्नल : अपडेटनंतर बिघाड सुरू झाला असेल, तर हा सगळ्यात सोपा उपाय. उबुंटू आणि मिंट नवं कर्नल टाकताना आधीचं सहसा काढून टाकत नाहीत. संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ वापरून 'ग्रब' हा मेन्यू आणा. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा आणि यादीतलं आधीचं कर्नल सुरू करा. स्क्रीन पूर्ववत झाली, तर गुन्हेगार सापडला. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेन्यूत 'लिनक्स कर्नल्स' असा पर्याय आहे. तिथून कोणती कर्नल ठेवायची आणि कोणती काढायची ते ठरवता येतं.

नियम म्हणून एवढं लक्षात ठेवा : नवाकोरा संगणक बिघडत असेल तर नवं कर्नल वापरून पाहा, जुना संगणक अपडेटनंतर बिघडला असेल तर आधीचं.

स्क्रीन पूर्ण काळीच असेल तर?

घाबरण्याचं कारण नाही. संगणक पुष्कळदा आतून सुरू असतो, फक्त चित्र दाखवू शकत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या तीन कळा एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि पासवर्ड विचारला गेला, तर यंत्रणा जिवंत आहे आणि बिघाड ग्राफिक्सपुरता आहे.

मग संगणक पुन्हा सुरू करून ग्रब मेन्यूत जा. पहिल्या ओळीवर असताना इंग्रजी 'ई' कळ दाबा. जी मजकूर-पेटी उघडेल, तिच्यात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. त्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द लहान इंग्रजी अक्षरांत टाका : एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, सगळी अक्षरं सलग. मग एफ१० दाबा.

या शब्दाने कर्नलला सांगितलं जातं, "कार्डाचा खास ड्रायव्हर सुरू करू नकोस, साध्या पद्धतीने चित्र दाखव." रिझोल्यूशन कमी येईल, हालचाल जड वाटेल, पण आत शिरता येईल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे चूक झाली तरी पुढच्या सुरुवातीला सगळं आधीसारखं होतं. मिंटच्या पेन ड्राइव्हवर याच कामासाठी 'कम्पॅटिबिलिटी मोड' आणि उबुंटूच्या पेन ड्राइव्हवर 'सेफ ग्राफिक्स' हे पर्याय तयारच असतात.

या शब्दाने स्क्रीन सुरू झाली म्हणून काम संपलं असं मानू नका. तो शब्द कायमचा ठेवला तर कार्डाची ताकद वापरलीच जात नाही. आत शिरून आवश्यक फाइलींची कॉपी काढा आणि मग मूळ ड्रायव्हरचा बंदोबस्त करा.

अपडेट चालू असताना वीज गेली तर?

ग्रामीण भागातल्या संगणकांवर हे कारण हमखास विसरलं जातं. अपडेट सुरू असताना वीज गेली, यूपीएस नव्हता किंवा त्याची बॅटरी संपलेली होती. कर्नल नवं आलं, पण त्याच्याशी जुळणारा ड्रायव्हर अर्धवट बांधला गेला. वीज आल्यावर स्क्रीन काळी. इथे कार्ड बदलून काहीही साध्य होत नाही.

अशा वेळी ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'रिकव्हरी मोड' असं लिहिलेली ओळ निवडा. एक छोटी यादी येईल. त्यातला 'डीपीकेजी' हा पर्याय अर्धवट राहिलेली पॅकेजेस दुरुस्त करतो. 'क्लीन' हा पर्याय डिस्कवर जागा मोकळी करायचा प्रयत्न करतो. डिस्क किंवा बूटचा भाग गच्च भरल्यामुळेही अपडेट अर्धवट राहू शकतं, म्हणून तोही चालवून पाहावा. हे झालं की संगणक पूर्ण बंद करून नेहमीसारखा सुरू करा. रिकव्हरी मोडमधूनच थेट पुढे गेल्यास ग्राफिक्स साध्या पद्धतीनेच चालतात आणि दुरुस्ती झाली नाही असा गैरसमज होतो.

कार्डानुसार काय करायचं?

इंटेल : वेगळा ड्रायव्हर शोधू नका. सगळे अपडेट घ्या आणि त्यांत फर्मवेअरचं पॅकेज आलंय का पाहा. स्थिर स्क्रीन लुकलुकण्यामागे 'पॅनेल सेल्फ रिफ्रेश' ही वीज वाचवणारी सुविधा असू शकते. ती कर्नलच्या एका सेटिंगने बंद करता येते. जाणत्या माणसाला "पीएसआर बंद करून पाहा" एवढं सांगितलं तरी पुरतं.

एएमडी : इथेही ड्रायव्हर आधीच आलेला असतो. कार्ड अगदी नवं आणि लिनक्स जुनं असेल, तर फर्मवेअर नसल्यामुळे चित्र येत नाही. अशा वेळी लिनक्सची नवी आवृत्ती घेणं हा सरळ उपाय आहे.

एनव्हिडिया : कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हरची फाइल उतरवून टाकण्याचा मोह टाळा. पुढच्या कर्नल अपडेटला तो तुटण्याची शक्यता मोठी असते. मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' आणि उबुंटूमध्ये 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडा आणि 'रेकमेंडेड' असं लिहिलेला पर्याय घ्या.

जुन्या कार्डांना प्रत्येक ड्रायव्हर चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. जीटी ६१० सारख्या फर्मी पिढीच्या कार्डांना ३९० ही मालिका लागते आणि तिचा सपोर्ट २०२२ मध्येच संपला. जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीला ४७० मालिका लागते. तिचाही सपोर्ट २०२४ मध्ये संपला. जीटी १०३० सारख्या पास्कल पिढीसाठी ५८० ही शेवटची मालिका आहे. जीटी ७३० तर फसवं नाव आहे. त्या एकाच नावाखाली फर्मी आणि केप्लर अशा दोन्ही पिढ्यांची कार्डं विकली गेली. जुन्या बाजारातून असं कार्ड घेताना पिढी विचारूनच घ्या. बिलं आणि फॉर्म भरण्यापुरता वापर असेल, तर अशा कार्डांवर 'नूव्हो' हा खुला ड्रायव्हर ठेवणं जास्त निर्धोक.

आणखी एक मेख म्हणजे 'सिक्युअर बूट'. बायोसमधली ही सुविधा सुरू असेल, तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच पासवर्ड मागतात. घाईत तो पडदा ओलांडला, तर ड्रायव्हर टाकूनही चालू होत नाही. तिथे 'एनरोल' हा पर्याय निवडून पासवर्ड द्यायचा असतो.

वेलँड की झॉर्ग?

लिनक्सवर खिडक्या मांडण्याच्या दोन पद्धती आहेत. झॉर्ग ही जुनी, तर २००८ मध्ये सुरू झालेली वेलँड ही नवी. काही जुन्या कार्डांवर वेलँडमध्ये गडबड होते, तर टेअरिंगचा त्रास उलट झॉर्गमध्ये जास्त जाणवतो. लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड टाकण्याआधी कोपऱ्यातल्या चक्राच्या चिन्हावर किंवा सेशनच्या नावावर क्लिक करून दुसरी पद्धत निवडता येते. उबुंटू २४.०४ मध्ये दोन्ही मिळतात. २५.१० पासून मात्र उबुंटूच्या मुख्य डेस्कटॉपवर झॉर्गचा पर्याय उरलेला नाही. जुन्या संगणकासाठी आवृत्ती निवडताना ही बाब मोलाची आहे.

जोडाक्षरं तुटली, हा ड्रायव्हरचा दोष?

मराठी वाचकांची एक तक्रार वेगळी आहे : अक्षरांऐवजी चौकोन दिसतात, काना-वेलांटी सुटी पडते किंवा जुनी फाइल उघडल्यावर अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. याचा ग्राफिक्स ड्रायव्हरशी काही संबंध नाही. चौकोन दिसत असतील तर देवनागरी फॉन्ट नाही. 'लोहित' किंवा 'नोटो' हे मोफत फॉन्ट टाकले की काम होतं. अगम्य अक्षरं दिसत असतील, तर ती फाइल श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असण्याची शक्यता आहे. तिला तोच फॉन्ट लागतो किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात हा फरक माहीत नसल्यामुळे चांगल्या संगणकाला नावं ठेवली जातात.

मग कार्ड खरंच गेलंय हे कधी म्हणायचं?

बायोसमध्येही रेघा दिसतात, केबल आणि मॉनिटर बदलूनही दिसतात, रॅम ठीक आहे, धूळ काढली आहे आणि लाइव्ह लिनक्सवरही तेच होतंय. एवढं सगळं जुळलं, तर कार्ड खराब असल्याचं मानायला हरकत नाही.

तरीही लगेच नवं घेऊ नका. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर मागच्या बाजूला व्हीजीए किंवा एचडीएमआयची जागा आहे का पाहा. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असतील, तर संगणक बंद करून कार्ड काढा, केबल थेट मदरबोर्डला लावा आणि सुरू करा. हिशेब, फॉर्म, छपाई आणि व्हिडिओ कॉलला वेगळं कार्ड लागत नाही. अशा वेळी बिघडलेल्या कार्डासह ते कार्ड घेण्याचा खर्चही संपतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी इंग्रजी 'एफ' अक्षर असतं, त्यांत ग्राफिक्स नसतात. तिथे मात्र कार्ड घ्यावंच लागेल.

दुरुस्तीला नेताना काय सोबत न्यायचं?

संगणक दुसऱ्याच्या हाती द्यायचाच असेल, तर एका कागदावर या गोष्टी लिहून न्या :

• प्रोसेसर आणि कार्डाचं नाव
• लिनक्सची आणि कर्नलची आवृत्ती
• बिघाड कधी सुरू झाला आणि त्याआधी अपडेट झालं होतं का, वीज गेली होती का
• बायोसमध्ये रेघा दिसतात का
• स्क्रीनशॉटमध्ये दिसतात का
• लाइव्ह पेन ड्राइव्हवर दिसतात का

मिंट आणि उबुंटूच्या सेटिंगमध्ये पहिल्या दोन गोष्टी सहज मिळतात. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओही न्या, कारण दुकानात गेल्यावर बिघाड दिसेलच असं नाही. हा कागद समोर ठेवल्यावर "कार्ड गेलं" म्हणणाऱ्याला "कशावरून?" असं विचारता येतं. आणि एक पथ्य पाळाच : फॉरमॅट मारायला हो म्हणण्याआधी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बिलं, फोटो आणि कागदपत्रांची कॉपी काढून घ्या. ग्राफिक्स बिघडल्याने फाइली जात नाहीत, फॉरमॅट मारल्याने जातात.

पुढच्या वेळेसाठी चार सवयी

पहिली, मिंटमध्ये असलेलं 'टाइमशिफ्ट' सुरू करा. ते यंत्रणेची स्थिती जपून ठेवतं आणि बिघडलेल्या अपडेटच्या आधीच्या दिवशी परत नेतं. मात्र ते तुमच्या वैयक्तिक फाइलींची कॉपी सहसा घेत नाही, ती वेगळी काढावी लागते. दुसरी, सगळं सुरळीत असतानाच लाइव्ह पेन ड्राइव्ह तयार करून कपाटात ठेवा. स्क्रीन काळी झाल्यावर तो बनवायला दुसरा संगणक शोधावा लागतो. तिसरी, अपडेट घ्यायचं ते यूपीएस चार्ज असताना आणि हातात वेळ असताना. सकाळी ग्राहकांची रांग लागलेली असताना अपडेट घेऊ नका. चौथी, विंडोजवरून लिनक्सवर यायच्या आधीच लाइव्ह पेन ड्राइव्हवर तासभर काम करून पाहा. स्क्रीन, प्रिंटर, वायफाय सगळं तपासा. टॅलीसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा बोटांचे ठसे घेणारं यंत्र वापरत असाल, तर ते लिनक्सवर चालेल का याची खात्री आधी करा. यांतली अनेक साधनं विंडोजसाठीच बनवलेली असतात.